मागचं चाक पुन्हा पुन्हा पंक्चर होतंय? ट्यूब बदलण्याआधी भोक कुठे आहे ते बघा

मागचं चाक दर दोन-तीन राइडला बसतं. ट्यूब बदलून झाली, ठिगळं लावून झाली, टायरही नवा घेतला, तरी तेच. कधी चालत्या सायकलची हवा जाते, कधी रात्री टणक असलेलं चाक सकाळी रिमवर आलेलं दिसतं. टायरच्या आतून बोट फिरवलं तर काटा नाही, खिळा नाही, काच नाही. पंक्चरवाला म्हणतो रस्ता खराब, दुकानदार म्हणतो टायर हलका, आणि ग्रुपमधले म्हणतात तुझं नशीबच तसं.

नशिबाचा यात काही संबंध नाही. आमच्या एका मित्राच्या हायब्रिड सायकलला हे मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत चाललं, आणि खरं कारण सापडलं ते हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याच्या जेट्टीवर, फेरीबोटीची वाट बघताना. ज्यांचं असंच चाललंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय. कारण मधल्या काळात आम्ही दोनदा "सापडलं कारण" म्हणून सुटकेचा श्वास सोडला होता, आणि ती दोन्ही कारणं खोटी नव्हती. म्हणूनच तर इतके महिने गेले.

आधी काय काय झालं ते सांगतो

आम्ही पाच जण पुण्यातून रविवारी पहाटे साडेपाचला निघतो. खडकवासला, कधी पानशेत, कधी सिंहगडाचा पायथा. वाटेत पोहे आणि चहा, दहाच्या आत घरी. आमच्यात सगळ्यात थोरले ते काका, वय ६२, बँकेतून निवृत्त. एक ताई नर्स आहेत. आणि सगळ्यात धाकटा तो हा मित्र. त्याची सायकल ७०० × ३२ टायरची, रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची, चांगली निगा राखलेली.

मार्च ते मे या तीन महिन्यांत त्याचं मागचं चाक चार वेळा बसलं. प्रत्येक वेळी रस्त्याकडेला सायकल उलटी, आम्ही चौघं ताटकळत उभे, आणि तो घाम पुसत "सॉरी, तुम्ही पुढे व्हा" म्हणतोय. जमलं तर स्वतः, नाहीतर जवळच्या पंक्चरवाल्याकडे तो ठिगळ लावून घ्यायचा. मे महिन्यात पाचव्यांदा चाक बसलं तेव्हा काकांनी टायर पूर्ण उलटा केला आणि आतून कापसाचा बोळा फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे केसाएवढी बारीक तार होती, बाहेरून दिसतही नव्हती. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरचे तुकडे पडलेले असतात ना, त्या रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचा थर असतो. त्या तारा तुटून रस्त्यावर विखुरतात आणि सायकलच्या टायरमध्ये घुसतात. चाकावर वजन आलं की तारेचं टोक आत डोकावतं, वजन गेलं की पुन्हा रबरात लपतं. त्यामुळे बोट फिरवून ती सापडत नाही. बोट घासून घेण्यापेक्षा कापूस किंवा पातळ सुती कापड बरं, आणि टायर त्या जागी उलटा वाकवून बघितला की टोक वर येतं. नेलकटरने पकडून ती तार ओढून काढली. सगळ्यांना वाटलं, झालं.

दोन आठवड्यांनी चाक पुन्हा बसलं.

मग नवा टायर आला. नव्या टायरसकट चाक पुन्हा बसलं. यानंतर तो रविवारी यायचाच बंद झाला. फोन केला की "या वेळी काम आहे" म्हणायचा. ताईंनी एकदा त्याला सरळ विचारलं तेव्हा म्हणाला, "माझ्यामुळे तुमची सगळ्यांची सकाळ वाया जाते." त्या वाक्याने आम्हाला खरोखर वाईट वाटलं. पंक्चर काढायला वीस मिनिटं लागतात, पण वारंवारच्या पंक्चरने माणूस ग्रुपमधून तुटतो, हे मला तेव्हा कळलं.

जूनमध्ये कुणीतरी त्याला सांगितलं की ८० हवा (म्हणजे ८० पीएसआय, पंपावर दिसणारा दाबाचा आकडा) फार होते, ५० ठेव. त्याने ठेवली, आणि पंक्चर थांबलं! पावसाळाभर एकदाही चाक बसलं नाही. तो परत यायला लागला. जास्त हवेमुळेच होत होतं, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी पक्कं केलं.

दिवाळीनंतरची कोकणची राइड

ठरलं होतं असं: पहिल्या दिवशी चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून माणगाव. दुसऱ्या दिवशी म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी आणि पुढे केळशी, आंजर्ले. मग दाभोळ-धोपावेची फेरी आणि गुहागर.

त्याच्या मागच्या कॅरिअरवर दोन पिशव्या होत्या, दहाएक किलो. स्वतःचं वजन ७८. आणि हवा तीच, ५०.

ताम्हिणीच्या उतारावर रस्ता उखडलेला एक पट्टा लागला. तो माझ्या मागेच होता. मला ठक् असा आवाज ऐकू आला, रिम थेट रस्त्यावर आपटल्यासारखा, आणि शंभर मीटरमध्ये चाक बसलं. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन चिरा, सापाचे दात लागावेत तशा. याला आम्ही नागदंश म्हणतो. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर टायर पूर्ण दबतो आणि ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली जाते. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. काका म्हणाले, "अरे, सामान चढवलंस तर हवाही चढवायला नको का?" बरोबरच होतं. सायकलवर बसल्यावर मागच्या चाकावर साधारण साठ टक्के भार येतो, त्यात कॅरिअरवरचं सामान जवळजवळ सगळं मागेच. नवी ट्यूब घातली आणि काकांच्या दाब दाखवणारा काटा असलेल्या छोट्या पंपाने पुन्हा ८० हवा भरली.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला जेवायला थांबलो. सायकली तासभर उन्हात. तिथून निघाल्यावर हरिहरेश्वरच्या अलीकडे त्याचं मागचं चाक मऊ झालं. अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून घाईने दुसरी ट्यूब घातली, पहिली गुंडाळून पिशवीत कोंबली, आणि निघालो. कुणीही भोक बघितलं नाही. सकाळी उठून अंगणात आलो तर तेच चाक रिमवर. त्याच्या मापाची सुटी ट्यूब आता एकही उरली नव्हती. हवा भरली की वीसेक मिनिटं टिकत होती, म्हणून भरत भरत बागमांडल्यापर्यंत आलो. बोट नुकतीच सुटलेली. समोर खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला दिसत होता, आणि आमच्याकडे पुढची बोट येईपर्यंतचा वेळ होता.

जेट्टीवर काय दिसलं

चाक काढलं. या वेळी एक गोष्ट वेगळी केली: टायर सोडवण्याआधी व्हॉल्व्ह जिथे होता तिथे टायरवर पेनाने खूण केली, आणि ट्यूब काढताना ती उलटणार नाही, पिळणार नाही याची काळजी घेतली. म्हणजे ट्यूबमधलं भोक, टायरवरची जागा आणि रिमवरची जागा, तिन्ही एकमेकांशी जुळवता येतात. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि अख्खं निदान यावर उभं आहे.

मग ट्यूबमध्ये तिच्या मूळ जाडीच्या दुप्पट फुगेपर्यंत हवा भरली आणि ताईंनी ती गालाजवळून हळूहळू फिरवली. जेट्टीवर वारा होता, कानाने ऐकू येणं शक्य नव्हतं. गालाला मात्र बारीक झुळूक लगेच कळते. भोक सापडलं आणि ते होतं आतल्या बाजूला. रस्त्याकडच्या नव्हे, रिमकडच्या.

ट्यूब उन्हात तिरकी धरल्यावर आणखी काही दिसलं. आतल्या बाजूवर टिकलीएवढे गोल उंचवटे उमटले होते, ठरावीक अंतराने, एकामागे एक. भोक त्यातल्या एका टिकलीच्या कडेवर होतं. आदल्या दिवशीची पिशवीत कोंबलेली ट्यूब काढली. तिच्यावरही तसेच उंचवटे, आणि भोक पुन्हा टिकलीच्या कडेवरच. दोन्ही ट्यूब रिमला लावून बघितल्या. एकीचं भोक व्हॉल्व्हपासून पाचव्या आऱ्यापाशी, दुसरीचं त्याच बाजूला सातव्यापाशी.

आता रिमकडे बघितलं. दुहेरी भिंतीच्या रिममध्ये आतल्या बाजूला आऱ्यांची निपल, म्हणजे आरा रिमला धरून ठेवणारे छोटे नट, घालण्यासाठी भोकं असतात. ३२ आऱ्यांची रिम असेल तर साधारण दर ६ सेंटीमीटरला एक. त्या भोकांवरून ट्यूबचं रक्षण करते ती रिम टेप, एक पातळ पट्टी. त्याच्या रिमवर सायकलबरोबर आलेली अरुंद प्लॅस्टिकची पट्टी होती. रिमच्या जवळजवळ एक तृतीयांश भागात ती एका बाजूला सरकली होती आणि प्रत्येक भोकाची चंद्रकोर उघडी पडली होती. अंगठा फिरवला तर ॲल्युमिनियमची कड सुरीसारखी लागत होती.

एवढं कळल्यावर मागचे सगळे महिने एकदम उलगडले. ८० हवेला ट्यूब त्या उघड्या भोकात ढकलली जायची आणि कडेवर चिरली जायची. ५० हवेला ती तेवढी आत जात नव्हती, म्हणून पावसाळाभर पंक्चर नाही. दोष तिथेच होता, फक्त झोपलेला. सामान चढल्यावर तीच कमी हवा नागदंशाला कारण झाली. मग आम्ही हवा वाढवली आणि जुना दोष जागा झाला. वर ताम्हिणीचा उतार: सतत ब्रेक दाबल्याने रिम तापते आणि प्लॅस्टिकची पट्टी मऊ पडून आणखी सरकते. आणि श्रीवर्धनचं ऊन. सकाळी २५ अंशाला भरलेली ८० हवा टायर ५५ अंशापर्यंत तापला की ९० च्या घरात जाते. त्या मे महिन्यातल्या तारेनेही एक-दोन पंक्चर नक्की केली असतील. पण ती सापडल्यावर आम्ही शोध थांबवला, ही खरी चूक.

तात्पुरता उपाय ताईंच्या प्रथमोपचाराच्या डब्यात निघाला. औषधाच्या दुकानात मिळते ती कापडी चिकटपट्टी, जखमेवरचं ड्रेसिंग धरून ठेवायला वापरतात ती. प्लॅस्टिकची पट्टी काढून टाकली, रिम कोरड्या फडक्याने पुसली, आणि व्हॉल्व्हच्या भोकाच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात करून ताण देत पूर्ण दोन फेरे घातले. ताईंच्या हाताला त्या कामाची सवय, त्यामुळे एक सुरकुती पडली नाही. व्हॉल्व्हच्या भोकावर पट्टी कापायची नाही. खिळ्याच्या किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने गोल भोक पाडायचं, म्हणजे कड उसवत नाही. दोन्ही ट्यूबना ठिगळं लावली, एक चाकात गेली, एक पिशवीत. ७५ हवा भरली. बोट आली तेव्हा आम्ही तयार होतो.

विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी या जागी वापरू नका. ती ताणली जाते, उष्णतेने तिचा डिंक सुटतो आणि ती पुन्हा सरकते. दुसरं काहीच नसेल तर घरी पोचण्यापुरती चालेल, तेवढीच.

तुमच्या ट्यूबचं भोक काय सांगतंय

भोक बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर वस्तू टायरमधून आली आहे. खुणेवरून टायरची ती जागा शोधा, आणि वस्तू हातात आल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. देशावर बाभळीचा काटा हा नेहमीचा गुन्हेगार. तो वर तुटतो आणि टोक रबरात राहतं. कापसाचा बोळा पूर्ण टायरभर फिरवा, एक वस्तू सापडली तरी उरलेला टायरही तपासा. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण पाणी सगळा बारीक कचरा कडेला आणून टाकतं आणि ओलं रबर चटकन कापलं जातं.

शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती. बऱ्याच टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल आकडे छापलेले असतात, त्यांच्या मधला आकडा तुमच्या वजनाला धरून ठरवा. मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त, आणि सामान असेल तर आणखी थोडी. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यात फसगत होते, ४५ आणि ६० मधला फरक अंगठ्याला नीट कळत नाही. काटा असलेला पंप घ्या. ट्यूबमधून काही न होताही हवा हळूहळू झिरपते, त्यामुळे गेल्या रविवारी भरलेली हवा या रविवारी तेवढीच असेल असं धरून चालू नका.

व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटत असेल तर दोन शक्यता. एक, छोटा पंप थेट व्हॉल्व्हवर लावून जोरजोरात हिसके देत भरणं. व्हॉल्व्ह धरलेला हात आऱ्याला टेकवून ठेवा, नाहीतर नळी जोडलेला पंप घ्या. दुसरी, रिमचं भोक मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हसाठी पाडलेलं आणि ट्यूब मात्र बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची. मग व्हॉल्व्ह भोकात हलत राहतो आणि त्याच्या मुळाशी ट्यूब कडेवर घासली जाते. यासाठी रबराची छोटी कडी मिळते, ती बसवा. मुळाशी फाटलेल्या ट्यूबला ठिगळ टिकत नाही, ती बदलावीच लागते. प्रेस्टावाल्यांनी पितळी ॲडॅप्टर पाकिटात ठेवावा. गावातल्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड प्रेस्टाला बसत नाही.

बोटभर किंवा त्याहून लांब फाटलेली चीर आणि मोठा आवाज, हे टायर नीट न बसल्याचं लक्षण. टायरच्या कडेखाली ट्यूबचा पदर अडकला होता. टायर चढवताना ट्यूबमध्ये आकार येईल इतकी थोडी हवा आधी भरा. टायर चढल्यावर दोन्ही बाजूंनी चिमटीने दाबत पूर्ण गोल फिरून ट्यूब कुठे डोकावते का बघा. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून पुन्हा ओढा. मग २० हवा भरून टायरच्या कडेजवळची बारीक रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे ना बघा, आणि त्यानंतरच पूर्ण भरा. टायर काढा-चढवायला स्क्रू ड्रायव्हर कधीच नको. निम्म्या वेळा नवं भोक त्यानेच पडतं. प्लॅस्टिकचे लिव्हर वापरा, आणि शेवटचा कठीण भाग शक्यतो तळहाताने चढवा.

आणि भोक आतल्या बाजूला असेल तर टायरकडे बघत बसू नका, रिम टेप बघा. सरकली आहे का, आऱ्यांच्या भोकांवर खोल खळगे पडलेत का, टेप कडक होऊन चिरली आहे का. एकेरी भिंतीच्या जुन्या रिममध्ये निपलमधून आऱ्याचं टोक वर आलेलं असू शकतं, ते कानशीने सपाट करावं लागतं.

ठिगळ टिकत नसेल तर

पुष्कळदा वारंवारचं पंक्चर हे नवं पंक्चर नसतंच, जुनं ठिगळ सुटलेलं असतं. ट्यूबवर साच्याची एक उभी बारीक रेघ असते. भोक तिच्यावर असेल तर ती घासून सपाट केल्याशिवाय ठिगळाच्या कडेने हवा निसटते. ठिगळापेक्षा मोठा भाग पॉलिश पेपरने घासा, काळा चमकदार थर जाईपर्यंत. सोल्युशनचा थर पातळ, एकसारखा. मग थांबा. ओलं असताना ठिगळ डकवणं हीच सगळ्यात सर्रास चूक आहे. थर मंद दिसायला लागेपर्यंत, साधारण पाच मिनिटं, हात लावू नका. कोकणात हवा दमट असते, तिथे थोडा जास्त वेळ द्या. मग ठिगळ मधून कडेकडे दाबत बसवा आणि वरचं पारदर्शक कागदासारखं आवरण ओढून काढायची घाई करू नका, त्याबरोबर कडही उचलली जाते.

सोल्युशनची नळी एकदा फोडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते. मोठ्या राइडला निघताना न फोडलेली नळी बरोबर हवी. तयार चिकट ठिगळं असतात तीही ठेवा, पण ती मुक्कामापर्यंत पोचण्यापुरती मानावीत.

माझं स्वतःचं मत असं की रस्त्यावर ठिगळ लावूच नये. ट्यूब बदलावी, भोकाभोवती पेनाने वर्तुळ काढून जुनी पिशवीत ठेवावी, आणि रात्री मुक्कामी बादलीभर पाण्यात तपासून निवांत ठिगळ लावावं. फक्त बदलताना भोक कोणत्या बाजूला होतं एवढं जागेवरच बघून घ्यावं. हरिहरेश्वरच्या अलीकडे आम्ही नेमकं तेवढंच केलं नाही.

ट्यूबलेस (ट्यूब नसलेला टायर) आणि आतल्या सीलंटबद्दल (बारीक भोक आपोआप बुजवणारं द्रव) बरेच जण विचारतात. काट्यांसाठी सीलंट उत्तम. रिम टेप सरकलेली असेल तर ते काही उपयोगाचं नाही, आणि ट्यूबलेसला तर टेप अधिकच काटेकोर लागते. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची जाड पट्टी मिळते, तिने काटे अडतात, पण तिचं टोक नीट बसलं नाही तर तेच ट्यूबला घासत राहतं.

ग्रुपने काय करायचं

एकमेकांच्या अगदी मागे चालवताना मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याचं चाक दिसतं. त्यामुळे पुढच्याने "काच!", "खड्डा!" असं ओरडून सांगायलाच हवं. सगळ्यांनी कडेच्या पांढऱ्या रेघेबाहेर चालवायचा हट्ट धरला तर काच आणि तारा तिथेच जमलेल्या असतात, वाहतूक बघून थोडं आत या.

पंक्चर झालं की आधी सगळे रस्त्याच्या पूर्ण बाहेर. घाटात वळणावर थांबायचं नाही, चाक रिमवर आलं असलं तरी उतरून सरळ भागापर्यंत सायकल ढकलत न्यायची. साखळी मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणली की चाक सहज निघतं आणि सहज बसतं. काम दोघांनी करायचं, एकाने चाक, एकाने नट, स्प्रिंग, टोपण असल्या सुट्या वस्तू टोपीत धरायच्या. उरलेल्यांनी पाणी प्यायचं आणि घड्याळाकडे बघायचं नाही. आमचा नियम आता असा आहे की ज्याचं पंक्चर, त्याने चाकाला हात लावायचा नाही. तो बसतो, बाकीचे काढतात. त्यामुळे "सॉरी, तुम्ही पुढे व्हा" हे वाक्य आमच्याकडे बंद झालं.

बरोबर न्यायचं सामान: प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब, तीन लिव्हर, ग्रुपमध्ये दोन पंप, एक ठिगळांचा डबा, नेलकटर, थोडा कापूस, पेन, आणि कापडी चिकटपट्टीचं एक रीळ. टायरची बाजू फाटली तर आतून लावायला जुन्या टायरचा दोन बोटांएवढा तुकडा. तोही नसेल तर टूथपेस्टची रिकामी नळी कापून तिचा तुकडा आत ठेवता येतो.

त्या चिकटपट्टीवर तो गुहागरपर्यंत गेला. पुण्यात परतल्यावर रिमच्या आतली रुंदी मोजून कापडी रिम टेप आणली, दोन्ही चाकांची बदलली. पुढच्या चाकाची टेपही एका जागी सरकायला लागलीच होती. घरी कपाटात त्याला मार्च-मेमधली जुनी ट्यूब सापडली, ती घेऊन तो रविवारी आला. तिच्यावर पाच ठिगळं होती. काकांनी चष्मा लावून ती गोल फिरवत बघितली. चार आतल्या बाजूला, एक बाहेरच्या.

त्यानंतर फेब्रुवारीत पानशेतच्या रस्त्यावर त्याचं मागचं चाक एकदा बसलं. आम्ही उतरलो, त्याला बाजूला बसवलं, व्हॉल्व्हपाशी खूण करून ट्यूब काढली. हवा भरल्यावर ताईंनी ती गालाजवळून फिरवली आणि वर बघून हसल्या. "बाहेरची बाजू." टायरमध्ये बाभळीचा काटा होता.